बाटलीवरचे नाव आणि बाटलीतले औषध : मागे घेतलेल्या एका डोपामाइन-संशोधनाचे प्रकरण

२७ सप्टेंबर २००२ च्या अंकात ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकाने चार पानांचा एक शोधनिबंध छापला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील चेताविज्ञानी जॉर्ज रिकॉर्टे, त्यांच्या पत्नी व सहसंशोधक ऊना मॅककॅन आणि त्यांचे तीन सहकारी यांचा तो निबंध होता. रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या पार्ट्यांमध्ये तरुण मंडळी जेवढी एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, घेतात, साधारण तेवढीच माकडांना दिली तर मेंदूत डोपामाइन स्रवणाऱ्या चेतापेशींच्या टोकांची गंभीर हानी होते, असे त्यात मांडले होते. डोपामाइनचा तुटवडा म्हणजे कंपवाताची, पार्किन्सन रोगाची वाट. त्यामुळे हे तरुण तारुण्यातच किंवा पुढे उतारवयात या आजाराच्या तोंडी जाऊ शकतात, असा इशाराही लेखकांनी दिला होता.

त्यानंतर बरोबर पन्नास आठवड्यांनी, १२ सप्टेंबर २००३ रोजी, त्याच साप्ताहिकात त्याच लेखकांचे पत्र प्रसिद्ध झाले. एक प्राणी वगळता बाकी सर्वांना ज्या बाटलीतले औषध टोचले गेले तिच्यात एमडीएमए नव्हतेच, मेथॲम्फेटामाइन हे दुसरेच उत्तेजक द्रव्य होते, आणि म्हणून आम्ही हा निबंध मागे घेत आहोत, असा त्या पत्राचा आशय होता.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी ‘लेबलांची अदलाबदल’ एवढ्यावर निकालात काढले जाते. माझ्या मते तसे केल्याने त्यातला अभ्यासण्याजोगा भाग हातचा निसटतो. लेबल चुकणे हा अपघात होता आणि असा अपघात कोणत्याही प्रयोगशाळेत घडू शकतो. मात्र बाटलीत भलतेच काही आहे याची वर्दी प्रयोगातील प्राण्यांनी पहिल्या दिवशीच दिली होती. ती वर्दी इशारा म्हणून वाचायची, की नवा शोध म्हणून, हा निर्णय माणसांनी घेतला, आणि पुढच्या विवेचनाचा विषय तो निर्णय आहे.

सर्पगंधेपासून सुरू होणारी पार्श्वभूमी

डोपामाइनचा आणि शरीराच्या हालचालीचा संबंध कसा उलगडला, याची हकिकत आपल्याकडच्या सर्पगंधेपासून सुरू होते. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ससे रिसर्पिन देऊन निपचित केले आणि डोपा हे डोपामाइनचे पूर्वद्रव्य टोचून त्याच सशांना पुन्हा हालते केले. हा प्रयोग १९५७ चा. मेंदूत डोपामाइनचे स्वतःचे काम आहे, ते केवळ दुसरे काही बनवण्याचा कच्चा माल नाही, ही समजूत तेथून रुजली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रिसर्पिन नेमके काय करते, हे आपल्या प्रकरणासाठीही महत्त्वाचे आहे. चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पुटिका असतात. त्यांना डोपामाइनची कोठारे म्हणता येईल. बाहेर मोकळे असलेले डोपामाइन आत भरून ठेवण्यासाठी या पुटिकांच्या आवरणावर एक वाहक प्रथिन असते आणि रिसर्पिन त्याचीच वाट अडवते. कोठार भरत नाही, म्हणून संदेश पाठवायला माल उरत नाही. कोठाराबाहेर राहिलेले डोपामाइन पेशीला घातकही असते, कारण त्याचे ऑक्सिडीकरण होऊन अशी द्रव्ये तयार होतात जी पेशीच्या प्रथिनांना व आवरणांना पोळतात. पुटिका जितक्या साठवणीसाठी असतात तितक्याच पेशीच्या बचावासाठीही असतात.

मेथॲम्फेटामाइन या व्यवस्थेवर दोन बाजूंनी घाला घालते. पेशीच्या बाह्य आवरणावर, सांडलेले डोपामाइन परत आत घेणारे एक दुसरे वाहक प्रथिन असते. त्याच्या दारातून हे द्रव्य आत शिरते. आत गेल्यावर ते पुटिकांमधला साठा पेशीद्रवात सांडवते आणि बाहेरचे वाहक उलटे चालवून डोपामाइनचा लोंढा बाहेर सोडते. घेणाऱ्याला जाणवणारी तरतरी व उन्माद या लोंढ्याचा असतो. जे डोपामाइन पेशीद्रवातच अडकून राहते ते मात्र पेशीचे टोक आतून जाळत राहते, आणि शरीराचे तापमान वाढलेले असेल तर ही जळजळ अधिकच वाढते. शिकागो विद्यापीठात लुईस सायडेन व चार्ल्स शूस्टर यांच्या प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात माकडांमध्ये मेथॲम्फेटामाइनमुळे डोपामाइनची दीर्घकाळ टिकणारी घट दाखवली होती. रिकॉर्टे याच परंपरेत तयार झालेले संशोधक.

एमडीएमए हे रसायन म्हणून मेथॲम्फेटामाइनचे सख्खे भावंड आहे. मेथॲम्फेटामाइनच्या बेंझीन-कड्यावर दोन ऑक्सिजन अणूंचा एक छोटा पूल बांधला की एमडीएमए होते. परंतु त्या पुलामुळे रेणूचा कल बदलतो. एमडीएमए मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतील दुसऱ्या संदेशवाहक द्रव्याच्या वाहकाला जाऊन भिडते, आणि उंदरांचा अपवाद सोडला तर प्रयोगातील प्राण्यांमध्ये हानी दिसते ती सेरोटोनिनच्या चेताक्षांची, म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंची. एमडीएमएचाच जवळचा नातलग असलेल्या एमडीएबाबत हे दाखवणारा निबंध रिकॉर्टे व त्यांच्या शिकागोच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्येच लिहिला होता, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून अमेरिकेने एमडीएमएवर तातडीची बंदी घातली. थोडक्यात, २००२ च्या निबंधाच्या पाठीशी सतरा वर्षांचा अनुभव होता, आणि तो अनुभव एमडीएमए सेरोटोनिनला इजा करते असे सांगत होता. डोपामाइनचे नाव त्यात नव्हते.

प्रयोग

प्रयोगाची आखणी साधी होती. स्क्विरल माकडांना दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम या हिशेबाने, तीन-तीन तासांच्या अंतराने, तीन वेळा औषध त्वचेखाली टोचायचे. साठ किलोच्या माणसाच्या मापाने ही एक मात्रा १२० मिलिग्रॅम होते, म्हणजे बाजारातील साधारण एका गोळीएवढी. एका रात्रीत दोन-तीन गोळ्या घेणाऱ्याचे हे अनुकरण होते. माणूस गोळी गिळतो आणि माकडाला सुई टोचली जाते, हा फरक मोठा आहे. त्यावर आक्षेपही घेतले गेले. तरी प्रकरणाचे मूळ तेथे नाही.

पाच माकडांपैकी तिघांनी तिन्ही मात्रा विशेष त्रास न होता सोसल्या. चौथ्याची चाल दुसऱ्या मात्रेनंतर डळमळू लागली, तेव्हा त्याची तिसरी मात्रा रद्द करण्यात आली. पाचव्याच्या शरीराचे तापमान आवरेनासे झाले आणि ते काही तासांत दगावले. मग हाच प्रयोग पाच बबूनांवर, म्हणजे मोठ्या जातीच्या माकडांवर, झाला. तेथेही एक बबून दोन मात्रांनंतर मेला आणि आणखी एकाची अवस्था पाहून त्याला तिसरी मात्रा दिली गेली नाही. काही आठवड्यांनी जगलेल्या प्राण्यांचे मेंदू तपासले, तेव्हा स्ट्रायाटम या भागातील डोपामाइन, त्याची विघटनद्रव्ये आणि त्याची वाहक प्रथिने मोठ्या प्रमाणात घटलेली आढळली. सेरोटोनिनही घटले होते, पण तुलनेने कमी.

हे मोजमाप ज्या काटेकोरपणाने झाले होते त्याला नावे ठेवण्यास जागा नाही. मेंदूच्या ऊतीतील अतिसूक्ष्म प्रमाणातील द्रव्ये मोजली, वाहक प्रथिने किरणोत्सारी खुणा लावून मोजली, पातळ काप काढून चेताक्षांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माकडाच्या मेंदूतून जे जे बाहेर आले ते सर्व मोजले गेले. माकडाच्या अंगात जे घातले, ते काय आहे हे मात्र बाटलीवरच्या कागदावरून ठरले.

निबंधाचे स्वागत

निबंध गाजला, आणि त्याचे एक कारण काळ हे होते. त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये रेव्ह पार्ट्यांविरुद्धच्या कायद्याची चर्चा चालू होती. पार्टीत अमली पदार्थ वापरले गेले तर जागामालक व आयोजक यांनाही जबाबदार धरणारी ती तरतूद एप्रिल २००३ मध्ये एका मोठ्या कायद्याचा भाग म्हणून मंजूर झाली. या निबंधामुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण विधेयक आधीपासूनच चर्चेत होते. पण वातावरण काय होते ते त्यावरून कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय औषधगैरवापर संस्थेचे माजी संचालक ॲलन लेशनर तोपर्यंत ‘सायन्स’ प्रसिद्ध करणाऱ्या संघटनेचे प्रमुख झाले होते. त्यांनी एक्स्टसी घेणे म्हणजे आपल्या मेंदूशी रशियन रुलेट खेळणे आहे, अशा अर्थाची प्रतिक्रिया दिली. नियतकालिकाच्या प्रकाशकानेच आपण छापलेल्या निष्कर्षाला असे तोरण बांधावे, हे मला आजही खटकते.

यात कोणी जाणूनबुजून फसवले असे काहीही निष्पन्न झालेले नाही. मात्र भय घालणारा निष्कर्ष आधीपासून अपेक्षित असला की तपासणीची चाळणी थोडी सैल होते, आणि हे लेखकांइतकेच परीक्षकांना व संपादकांनाही लागू आहे.

जे इशारे समोर होते

पहिला इशारा मृत्यूंचा. दहांपैकी दोन प्राणी मेले आणि दोघांची अवस्था तिसरी मात्रा देण्याजोगी राहिली नाही. ही मात्रा खरोखरच माणसांच्या नेहमीच्या सवयीइतकी असेल, तर दर शनिवारी-रविवारी लाखो लोक घेत असलेल्या या द्रव्याने रुग्णालयांच्या आवारात प्रेतांची रांग लागायला हवी होती. एक्स्टसीने माणसे मरतात हे खरे आहे. काही शरीर तापून मरतात, काही भरमसाट पाणी पिऊन रक्तातील सोडियम घसरल्याने मरतात. पण दर पाच जणांत एक असे ते प्रमाण कधीही नव्हते. हा आक्षेप घेण्यासाठी चेताविज्ञानाची पदवी लागत नाही, भागाकार पुरतो. टीकाकारांनी तो लगेच घेतला. जून २००३ मध्ये ‘सायन्स’च्या पत्रव्यवहारात तो मायकेल मिथोफर, रिक डॉब्लिन आदींच्या पत्रातून छापूनही आला. हे लोक एमडीएमएचा मानसोपचारात वापर व्हावा या मताचे. त्यांचा हितसंबंध उघड होता, आणि मला वाटते त्यामुळेच त्यांचा भागाकार गांभीर्याने घेतला गेला नाही.

दुसरा इशारा माणसाच्या मेंदूतून आला होता. टोरोंटोचे स्टीफन किश व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात, दीर्घकाळ एक्स्टसी घेणाऱ्या एका तरुणाच्या मेंदूचे मरणोत्तर पृथक्करण प्रसिद्ध केले होते. त्याच्या स्ट्रायाटममधील सेरोटोनिन ५० ते ८० टक्के कमी होते, पण डोपामाइन नेहमीच्या मर्यादेत होते. एका माणसाच्या मेंदूवरून नियम ठरत नाही, हे मान्य. परंतु माकडांच्या मेंदूत नेमके याच्या उलट चित्र दिसल्यावर तो एक मेंदू पुन्हा आठवायला हवा होता.

तिसरा इशारा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तो याच प्रयोगशाळेच्या कपाटात होता. याच गटाने स्क्विरल माकडांवर केलेल्या आधीच्या प्रयोगांत एमडीएमए दर किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सलग चार दिवस दिले जात असे. एकूण मात्रा दर किलोमागे ४० मिलिग्रॅम होते. १९९९ मध्ये रिकॉर्टे, मॅककॅन व हात्झिदिमित्रिऊ यांनी अशी मात्रा दिलेल्या माकडांचे मेंदू सात वर्षांनंतर तपासून निबंध लिहिला होता, आणि त्यातील हकिकत सेरोटोनिनच्या चेताक्षांची होती. २००२ च्या प्रयोगातील एकूण मात्रा होती ६ मिलिग्रॅम. ज्या द्रव्याच्या ४० मिलिग्रॅमने डोपामाइनच्या पेशींना फारसा धक्का लागला नव्हता, त्याच द्रव्याच्या ६ मिलिग्रॅमने त्या उद्ध्वस्त व्हाव्यात आणि दहांत दोन प्राणी मरावेत, हे सहज गळी उतरणारे नाही. यावर लेखकांचे स्पष्टीकरण असे की, मात्रांमधील अंतर बारा तासांवरून तीन तासांवर आणल्यामुळे परिणाम साचत गेला. हे अशक्य नाही, तर्काला धरूनही आहे. पण मात्रा जवळपास सातपटीने कमी असताना परिणाम कितीतरी अधिक दिसतो, तेव्हा वेळापत्रकाकडे बोट दाखवण्याआधी बाटलीकडे पाहणे हे साधे शहाणपण ठरले असते.

शिवाय ही बोटांचे ठसे ओळखण्यासारखी गोष्ट होती. डोपामाइनची हानी जास्त, सेरोटोनिनची कमी, सोबत उष्माघातासारखा मृत्यू: ही मेथॲम्फेटामाइनची खूण आहे, आणि ती जगात ज्यांना सर्वांत चांगली ओळखता यावी अशा मोजक्या लोकांत हे लेखक होते. मागे घेण्याच्या पत्रात त्यांनी स्वतःच म्हटले आहे की, मेथॲम्फेटामाइनकडून नेमका असाच नमुना अपेक्षित असतो.

एका थेंबाची चाचणी

औषध तपासायचे तर कसे, हे जरा जवळून पाहू. दोन्ही द्रव्ये क्षाराच्या रूपात पांढरी, स्फटिकासारखी पूड असतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पण पांढऱ्या चिनीमातीच्या, खळगे असलेल्या ताटलीत सुईच्या टोकावर मावेल एवढी पूड ठेवावी आणि तिच्यावर तीव्र गंधकाम्लात फॉर्मलडिहाइड मिसळलेला, मार्की अभिकर्मक म्हणून ओळखला जाणारा द्रव एक थेंब सोडावा. एमडीएमए असेल तर थेंब क्षणार्धात जांभळा आणि लगोलग काळा होतो. मेथॲम्फेटामाइन असेल तर तो नारिंगी होऊन तपकिरीकडे झुकतो. अमली पदार्थ पकडणाऱ्या पथकांच्या तपासणी-संचात हाच अभिकर्मक असतो. ही चाचणी प्राथमिक आहे आणि न्यायालयात तिच्यावर भागत नाही, पण हे दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे करण्यापुरती ती पुरेशी आहे. त्याहून भक्कम हवे असेल तर वितळणबिंदू पाहावा. मेथॲम्फेटामाइनचा हायड्रोक्लोराइड क्षार सुमारे १७० ते १७५ अंश सेल्सियसला वितळतो, एमडीएमएचा १५० अंशांच्या आसपास. वायुवर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन केले तर शंकेला जागाच राहत नाही, आणि ही यंत्रे अशा कोणत्याही विद्यापीठात असतात.

मग हे का केले गेले नाही? सरकारी कार्यक्रमाखाली, परवानाधारक पुरवठादाराकडून, मोहोरबंद बाटलीत आलेल्या औषधावर अविश्वास दाखवण्याची औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत रीत नव्हती. बाटली आली, नोंदवहीत क्रमांक पडला, कपाटात कुलूपबंद झाली. नियंत्रित पदार्थ असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक मिलिग्रॅमचा हिशेब ठेवला जातो, पण तो हिशेब किती वापरले याचा असतो. काय वापरले, हा प्रश्न त्या वहीच्या रकान्यांत नसतो.

मात्रेच्या हिशेबातला एक बारकावाही येथे नोंदवण्याजोगा आहे. मेथॲम्फेटामाइनचा रेणू एमडीएमएपेक्षा हलका आहे. त्यांचे रेणुभार अनुक्रमे सुमारे १४९ आणि १९३. त्यामुळे एमडीएमए समजून तितक्याच मिलिग्रॅम मेथॲम्फेटामाइन टोचले की प्राण्याच्या शरीरात अंदाजे पावपट अधिक रेणू जातात. अधिक विषारी द्रव्य, आणि त्याचे रेणूही अधिक.

नावांच्या गोंधळाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडची एक गोष्ट सांगून पुढे जातो. महाराष्ट्रातील बातम्यांत रोज येणारे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ते २०१५ मध्ये आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, आणि २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर पोलिसांनी धाड घातली ती त्याच्यासाठी. ‘एमडीएमए’ हे वेगळे रसायन, आणि इंग्रजीत ‘मेथ’ म्हणतात ते तिसरेच. तिन्ही एकाच मोठ्या कुळातील असली तरी मेंदूत तिन्हींची कामे सारखी नाहीत. वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही ही तीन नावे एकाच पिशवीत टाकू नयेत.

उलगडा

निबंध छापून आल्यावर लेखकांनी पुढचे स्वाभाविक पाऊल उचलले. टोचण्याऐवजी तोंडावाटे औषध देऊन तोच परिणाम दिसतो का, हे त्यांनी पाहिले. दिसला नाही. मार्ग बदलल्यामुळे असे झाले असेल म्हणून पुन्हा त्वचेखाली टोचून पाहिले. तरीही डोपामाइन जागच्या जागी. त्यांनी परिस्थिती बदलून पाहिली, आखणी तपासली, आणि प्रत्येक वेळी एमडीएमए तेच करत राहिले जे ते सतरा वर्षे करत आले होते. नव्या प्रयोगांतील औषध वेगळ्या खेपेचे होते. ते तपासले, तर ते अस्सल एमडीएमए निघाले. आता संशय उरला तो पहिल्या खेपेवर.

नोंदी चाळल्यावर कळले की, ज्या दिवशी एमडीएमएची ती बाटली आली होती त्याच दिवशी, त्याच पुरवठादाराकडून, मेथॲम्फेटामाइनचीही बाटली आली होती. तरी नोंद म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा शीतकपाटात होता. जे दोन प्राणी प्रयोगाच्या दिवशीच मेले होते त्यांच्या मेंदूचे भाग गोठवून ठेवलेले होते. बाकीचे प्राणी काही आठवडे जगले, तोपर्यंत त्यांच्या शरीरातून औषध केव्हाच निघून गेले होते, म्हणून त्यांच्या मेंदूत इजा सापडे पण इजा करणारा सापडत नसे. जे मेले, त्यांच्या मेंदूत औषध जसेच्या तसे अडकून राहिले होते.

येथे रसायनशास्त्र निर्णायक ठरते. एमडीएमए दिलेल्या प्राण्याच्या शरीरात एमडीएमए व त्यापासून होणारे एमडीए सापडावे लागते. दोन ऑक्सिजनचा तो पूल तोडून शरीर एमडीएमएचे मेथॲम्फेटामाइन कधी बनवत नाही. गोठवलेल्या ऊतीत मेथॲम्फेटामाइन सापडले, त्यापासून होणारे ॲम्फेटामाइन सापडले, आणि एमडीएमएचा मागमूसही सापडला नाही. प्रयोगाची हानी म्हणून ज्यांची गणना झाली होती, ज्यांच्या मृत्यूने टीकाकारांना बोलायला जागा दिली होती, ते दोन प्राणीच अखेर साक्षीदार ठरले.

पुरवठादार संस्थेने आपल्या बाजूने लेबलात चूक झाल्याचे मानले नाही. अदलाबदल नेमकी कोठे झाली हा वाद त्यामुळे पुरता मिटला नाही. पण कोठेही झाली असली, तरी बाटली उघडल्या दिवशी एका थेंबाने ती उघडकीस आली असती.

लेखकांच्या पदरी एक गोष्ट मात्र टाकलीच पाहिजे. निष्कर्ष पुन्हा मिळत नाही हे दिसल्यावर त्यांनी तो विषय गुपचूप सोडून दिला नाही, जे करणे फार सोपे होते आणि जे किती ठिकाणी होत असेल याची गणती नाही. त्यांनी स्वतःच्याच चुकीचा माग काढत शीतकपाटापर्यंत जाऊन ती आपल्या नावानिशी छापली.

नंतरचे

तोंडावाटे दिलेल्या एमडीएमएवरील काम याच गटाने पुढे नेटाने केले. स्क्विरल माकडांतील त्या प्रयोगांचा निबंध २००६ मध्ये आला आणि त्यात सेरोटोनिनच्या चेतापेशींवरील टिकून राहणारे परिणाम नोंदवलेले आहेत. तेव्हा हा निबंध मागे घेतला गेला म्हणजे एक्स्टसी निर्धोक ठरली, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. बाद झाला तो डोपामाइनबद्दलचा दावा, सेरोटोनिनबद्दलची चिंता नव्हे. त्याच सुमारास, २००४ मध्ये, मिथोफर यांनी आघातोत्तर मानसिक विकारासाठी एमडीएमएसह मानसोपचाराची चाचणी दक्षिण कॅरोलिनात सुरू केली. त्या मालिकेच्या शेवटी आलेला अर्ज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारला. त्या नकाराची कारणे वेगळी आहेत आणि तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे.

उरला तो मूळ निबंधातील आकड्यांचा प्रश्न. आकडे खोटे नव्हते, ते दुसऱ्याच औषधाचे होते. १९९८ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये रिकॉर्टे यांच्याच गटाचा एक निबंध आला होता. त्यात बबूनांना दर किलोमागे जास्तीत जास्त २ मिलिग्रॅमच्या मात्रा, दोन-दोन तासांच्या अंतराने चार वेळा दिल्या होत्या आणि मेंदूतील डोपामाइनच्या वाहक प्रथिनांत ठळक घट आढळली होती. व्यसनी माणूस घेतो तेवढ्याच मात्रेत ही इजा होते, हे त्या निबंधाचे म्हणणे होते, आणि त्यातील औषध मेथॲम्फेटामाइन होते. प्राणी तोच, प्रयोगशाळा तीच, प्रत्येक वेळची मात्रा जवळपास तीच, मेंदूतील चित्रही तेच. २००२ च्या निबंधाच्या शीर्षकातील एमडीएमए हा शब्द खोडून तेथे मेथॲम्फेटामाइन लिहिले असते, तर तो या चार वर्षांपूर्वीच्या निबंधाला दुजोरा देणारा एक चांगला निबंध झाला असता. अर्थात, मग तो ‘सायन्स’ने छापला असता की नाही, हे सांगता येत नाही.